दोन फूट कमी चालतील, घोडे नाहीत

‘बोट 18 फुटी घ्या, इंजिन नव्वद हॉर्सपॉवरचं पुरे. वाचलेल्या पैशांत मासे दाखवणारा झकास सोनार येतो.’ मिनेसोटात मोठी ॲल्युमिनियमची मासेमारी बोट घ्यायला निघालेल्या मराठी माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत मिळतो, तळ्याकाठच्या सहलीत मिळतो, आणि बरेचदा बोट विकणाऱ्याच्या काउंटरवरही मिळतो. सल्ला देणारे अडाणी नसतात. बहुतेकांची स्वतःची बोट असते आणि तिच्या मागे नव्वदचंच इंजिन असतं. शिवाय सल्ल्यात काटकसर आहे, वेगाचा हव्यास नाही, पोराबाळांची काळजी आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा समंजस माणूस!

हा समंजसपणा खोटा आहे असं माझं म्हणणं आहे. पैसे कमी पडत असतील तर बोटीचे दोन फूट कमी करा, 16 फुटी घ्या. पण जी घ्याल तिला पेलणारं इंजिन लावा. मोठी बोट आणि लहान इंजिन ही जोडी म्हणजे दोन्हीकडून तोटा. मोठ्या बोटीचे पैसे मोजायचे आणि तिचा उपयोग मात्र होऊ द्यायचा नाही.

हिशेबच करू. पावणेआठ-आठ फूट रुंदीच्या 18 फुटी बोटीचा रिकामा सांगाडा साधारण 1,400 पौंड भरतो. माहितीपत्रकात हाच आकडा छापतात आणि सल्ला देणाऱ्याच्या डोक्यातही हाच असतो. पण रिकाम्या सांगाड्यात बसून कोणी मासे धरायला जात नाही. त्याच्या मागे इंजिन लागतं, 360 पौंड. 30 गॅलनची टाकी भरली की गॅलनला सहा पौंडांनी 180. ट्रोलिंग मोटर (बोट हळू सरकवणारी विजेची छोटी मोटर), तिच्या बॅटऱ्या आणि इंजिनाची वेगळी बॅटरी मिळून 300 धरा. धरलेले मासे जिवंत ठेवायची टाकी 25 गॅलनची असली तर नुसत्या पाण्याचे 200. चार मोठी माणसं, 700. नांगर, गळ, आमिषांचे डबे, लाइफ जॅकेट, कूलर आणि त्या कूलरमधला घरच्या पुलावाचा डबा धरून 160. बेरीज होते 3,300 पौंड.

डीलर आणि मुरलेले बोटवाले एक ढोबळ अडाखा वापरतात. पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीत दर हॉर्सपॉवरच्या वाट्याला 25 ते 40 पौंड यावेत. पंचविसाच्या आसपास बोट हलकी चालते, चाळिशीला टेकली की कण्हू लागते. आपले 3,300 पौंड पंचाहत्तरच्या इंजिनावर टाकले तर वाट्याला येतात 44. नव्वदवर 37. एकशेपंधरावर 29. दीडशेचं इंजिन सुमारे शंभर पौंडांनी जड असतं, तरी तिथे आकडा 23 वर येतो.

यावर लगेच उत्तर येतं, ‘सदतीस म्हणजे चाळिशीच्या आतच की!’ हो, आत आहे. वारा पडलेला असताना, बोटीचा तळ स्वच्छ असताना, पंख्याची पाती शाबूत असताना आणि चारही माणसं जागची हलत नसताना आत आहे. पाचवा पाहुणा चढला, बोटीतला गालिचा पावसात भिजला, समोरून वारा सुटला की आत राहत नाही. आपल्याकडे पाचवा पाहुणा ही शक्यता नसते, ती रीत असते.

या आकड्यांचं पाण्यावर काय होतं ते नव्वदवाल्या 18 फुटी बोटीत बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे, फक्त त्याला नाव दिलेलं नाही. हळू चालताना बोट पाणी बाजूला सारत जाते. थ्रॉटल दिला की आधी नाळ वर उठते, मागची बाजू खाली बसते, आणि बोट स्वतःच निर्माण केलेल्या लाटेचा चढ चढू लागते. पुरेशी ताकद असेल तर ती काही सेकंदांत तो चढ ओलांडते, नाळ खाली येते आणि बोट पाण्यावरून सरकू लागते. यालाच बोट प्लेनवर येणं म्हणतात. ताकद कमी असेल तर ती त्या चढावरच रेंगाळते. चालवणाऱ्याला समोर पाणी दिसेनासं होतं, दिसतं ते आभाळ. मग तो मागे बसलेल्यांना सांगतो, ‘काकू, तुम्ही आणि वहिनी जरा पुढे जाऊन बसता का?’ दोघी कूलर ओलांडून पुढे जातात, नाळेवर वजन पडतं आणि बोट कशीबशी उठते. पाहुण्यांना वाटतं, बोटीत असंच बसायचं असतं. अहो, तसं काही नसतं. तुमच्या काकू त्या बोटीचे राहिलेले पंचवीस घोडे भरून काढत असतात.

आता इंधनाचं बोलू, कारण ‘लहान इंजिन कमी पितं’ हा या सल्ल्याचा कणा आहे. 3,300 पौंडांची बोट ताशी 25 मैलांनी नेण्यासाठी जेवढी ताकद लागते तेवढी लागतेच. इंजिनाच्या टोपीवर नव्वद लिहिलंय की एकशेपंधरा, हे पाण्याला कळत नाही. एकशेपंधराचं इंजिन ती ताकद मधल्या फेऱ्यांवर, निवांत देतं. नव्वदचं तीच ताकद शेवटच्या टोकाशी, थ्रॉटल जवळजवळ पुरता उघडून देतं. आणि पूर्ण थ्रॉटलवर आजची इंजिनं आतून थंड राहावीत म्हणून हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतात. पूर्ण थ्रॉटलवर ताशी किती गॅलन जाईल हे काढायचं असेल तर हॉर्सपॉवरला दहाने भागा, उत्तर फारसं चुकत नाही. म्हणजे नव्वदला नऊ गॅलन आणि एकशेपंधराला साडेअकरा. सल्लागार हे दोन आकडे शेजारी ठेवून जिंकल्याचा आव आणतो. प्रश्न एवढाच की तुमची बोट दिवसातला किती वेळ पूर्ण थ्रॉटलवर असणार? एकशेपंधरावाल्याची फार थोडा वेळ. नव्वदवाल्याची एका जागेवरून दुसरीकडे जाताना जवळजवळ सगळा वेळ. त्यातही जी बोट प्लेनवर धड येत नाही आणि खालीही बसत नाही, ती मैलामागे सगळ्यात जास्त पेट्रोल जाळते.

‘मोठं इंजिन जड, बोटीची शेपटी बुडवतं’ हे म्हणणं ऐकलं की मला हसू येतं. मर्क्युरीची चार स्ट्रोकची 75, 90 आणि 115 ही तिन्ही इंजिनं एकाच 2.1 लिटरच्या ब्लॉकवर बांधलेली आहेत आणि वजनालाही जवळपास सारखी, 360 पौंडांच्या घरात. यामाहाच्या 90 आणि 115 मधला फरकही एका भरलेल्या कूलरपेक्षा जास्त नाही. म्हणजे नव्वद घेऊन तुम्ही वजन वाचवलं नाही, एकाच लोखंडातून कमी काम घेतलंत. सगळ्या कंपन्यांचं असंच असतं असं नाही, म्हणून तक्ता पाहावा. पण न पाहता वजनाची भीती घालू नये. दीडशेवर उडी मारली तर वजन खरंच वाढतं, आणि तेव्हा हा मुद्दा रास्त आहे.

‘आम्हाला वेग नको’ हे सगळ्यात सोज्वळ वाक्य. मलाही नको. ताशी 45 मैलांनी तळं कापत जाण्याची हौस असणाऱ्यांसाठी वेगळ्या बोटी असतात, त्यांनी त्या घ्याव्यात. पण घोडे वेगासाठीच असतात हे कोणी ठरवलं?

मिल लॅक्स तळ्याचं उदाहरण घ्या. ट्विन सिटीजहून दोन तासांच्या आत पोचता येतं आणि वॉलआय माशासाठी प्रसिद्ध, म्हणून आपल्या मंडळींचंही आवडतं. क्षेत्रफळ 1,32,000 एकर, म्हणजे सुमारे 200 चौरस मैल, आणि सगळ्यात खोल जागी पाणी 42 फुटांच्या आसपास. एवढा पसारा आणि इतकं उथळ पाणी असलं की वाऱ्याने लाटा लांब-लांब उठत नाहीत. आखूड, उभ्या आणि एकमेकींना चिकटून येतात. ईरी सरोवराच्या पश्चिमेकडच्या उथळ भागात हेच होतं. दुपारी वारा फिरला आणि तुमचा धक्का चार-पाच मैलांवर असला तर अशा लाटांत कोणीही वेगाने जाऊ शकत नाही, तीनशेचं इंजिन असलं तरी नाही. तिथे लागते ती हाक दिल्याबरोबर मिळणारी ताकद. लाट मागून येत असेल तर तिच्या पाठीवर राहायचं असतं, ती पुढे निघू लागली की थोडा थ्रॉटल देऊन बरोबरीने जायचं, समोरची जवळ आली की सोडायचा. पाच माणसं आणि भरलेली टाकी घेऊन नव्वदचं इंजिन या वेळी आधीच आपल्या टोकाशी असतं. थ्रॉटल दिला तरी पुढे काही उरलेलं नसतं. मागची लाट गाठते आणि बोटीच्या मागच्या भिंतीवरून, म्हणजे ट्रान्समवरून, पाणी आत येतं.

वॉलआयचा हंगाम मेमध्ये उघडतो. तेव्हा पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या आसपास असू शकतं, आपल्या भाषेत 10 सेल्सिअस. त्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत कामाचे राहत नाहीत. अमेरिकेत बोटीच्या अपघातांत बुडून मेलेल्यांपैकी, ज्यांची नोंद उपलब्ध असते अशा दहांतल्या आठांहून जास्त जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नसतं. तेव्हा सुरक्षिततेचं बोलायचं तर आधी लाइफ जॅकेट, मग इंजिन बंद करणारी दोरी. 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या मोटरबोटींना ती चालवताना अडकवणं केंद्राच्या कायद्यानेच बंधनकारक केलंय. त्यानंतर हवामान पाहून घरी बसण्याची अक्कल, आणि मग पुरेसं इंजिन. ‘पोरं बोटीत असतात म्हणून लहान इंजिन’ या यादीत कुठेच बसत नाही. पोरं बोटीत असतात म्हणूनच वारा सुटण्याआधी किनारा गाठता आला पाहिजे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: ‘बोटीवरच्या पाटीवर कमाल मर्यादा लिहिलेली असते. ती मर्यादा आहे, उद्दिष्ट नाही.’ अगदी बरोबर, आणि ही पाटी कशी ठरते ते कळलं की दोन्ही बाजूंचे लोक जरा गप्प बसतील. 1971 च्या केंद्रीय कायद्यातून आलेल्या नियमांनुसार 20 फुटांखालच्या बोटींवर ती लावावी लागते. हॉर्सपॉवरचं सूत्र असं: बोटीची फुटांतली लांबी गुणिले ट्रान्समची फुटांतली रुंदी. स्टिअरिंग चाकाचं असेल आणि ट्रान्सम किमान 20 इंच उंच असेल तर त्या गुणाकाराची दुप्पट करायची आणि 90 वजा करायचे. 18 फूट लांब आणि ट्रान्समला साडेसात फूट रुंद बोटीचा गुणाकार 135, दुप्पट 270, वजा 90, राहिले 180. कंपनी याहून कमी लिहू शकते, आणि पुष्कळदा लिहितेच. आता 16 फूट लांब, 6 फूट रुंद बोट घ्या. चाक असेल तर सूत्र 102 देतं, पुढच्या पाचाच्या पटीत 105. तीच बोट, व्ही आकाराच्या तळाची, पण इंजिनाच्या दांड्यानेच वळवायची असेल तर 0.8 ने गुणून 25 वजा करतात. उत्तर 51.8, म्हणजे 55. सांगाडा तोच, पण हातात चाक आहे की दांडा, यावर मर्यादा जवळजवळ निम्मी होते.

या सूत्रात सांगाड्याचं वजन नाही, माणसांचं नाही, मिल लॅक्सच्या लाटाही नाहीत. म्हणून जो म्हणतो ‘पाटीवर 150 आहे, तर 150च घ्या’, त्यालाही माझा विरोध आहे. त्या पाटीवरची माणसांची संख्याही डोळे झाकून मानू नये. नियमातल्या गणितात एका माणसामागे 141 पौंड धरलेत, म्हणजे 64 किलो. तुमच्या मंडळातली सहा माणसं डोळ्यांसमोर आणा आणि सांगा. तरीही पाटीचा एक उपयोग आहे: तिच्या पुढे जायचं नाही. अनेक राज्यांत तो गुन्हा आहे, आणि विमा कंपनीला दावा नाकारायला याहून सोपं कारण मिळणार नाही. माझा अंदाज विचाराल तर 16 ते 18 फुटांच्या बोटीला पाटीवरच्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशापासून पूर्ण आकड्यापर्यंतचं इंजिन बरं चालतं. पण अंदाज हा वरच्या बेरजेच्या नंतरचा, तिच्या ऐवजी नव्हे.

‘जुने लोक 9.9 च्या इंजिनावर सगळं तळं फिरायचे’ असंही सांगतात. फिरायचे. त्यांची बोट 14 फुटी, आतून उघडी, रिवेट मारलेली, अडीच-तीनशे पौंडांची असायची. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांसाठी वाढलेला ॲल्युमिनियमचा धंदा शांततेच्या कामाला वळला तेव्हाच्या त्या बोटी. मिनेसोटातली अल्युमाक्राफ्ट 1946 ची, तिथल्याच न्यूयॉर्क मिल्स गावची लुंड 1948 ची. त्यांना लाकडी पाट होते. गालिचा नव्हता, सोनार नव्हता, चार बॅटऱ्या नव्हत्या. त्या काळची काटकसर हवी असेल तर ती बोटच घ्या. मी टाळ्या वाजवीन. त्यांची मोटर आणि आपला दिवाणखाना असं मात्र जमायचं नाही.

ही विजोड जोडी येते कुठून? माझ्या मते ती जाहिरातीतून येते. 1978 साली मिझुरीत जॉनी मॉरिस यांनी बास ट्रॅकर बाजारात आणली ती बोट, इंजिन आणि ट्रेलर एकाच किमतीत. कल्पना फारच चांगली होती. गिऱ्हाइकाला तीन दुकानं हिंडावी लागली नाहीत आणि सगळ्या धंद्याने ती उचलली. पण एकच किंमत छापायची म्हटल्यावर ती जितकी कमी दिसेल तितकी बरी, आणि सगळ्यात सहज कमी होणारी गोष्ट म्हणजे इंजिन. म्हणून ‘अमुक हजारांपासून पुढे’ हा आकडा बहुतेक वेळा त्या बोटीला लागू शकणाऱ्या धाकट्या इंजिनाचा असतो. नव्वद आणि एकशेपंधरामधला फरक साधारण हजार-दोन हजार डॉलर. चाळीस हजारांच्या खरेदीत त्यावर घासाघीस करून लोक त्याच बैठकीत तीन हजारांचा पडदा लावून घेतात, माशाची सावली जागेवर दाखवणारा. आता मासा दिसतो. त्याच्यापर्यंत पोचायला मात्र काकूंना पुढे बसवावं लागतं.

‘पुढे बदलू की इंजिन’ म्हणणाऱ्यांसाठी फार शब्द खर्च करत नाही. नवं इंजिन बसवून घ्यायचं तर खर्च दहा हजारांच्या वर जातो. जुनं विकून त्यातले थोडेच परत येतात. बदलतो तो एखादाच, बाकीचे बोटच विकायला काढतात.

मी नव्वदच्या विरोधात नाही, हे इथे स्पष्ट व्हावं. तेच इंजिन 16 फुटी बोटीवर ठेवून पाहा. सांगाडा 950, इंजिन 360, पेट्रोल 110, बॅटऱ्या आणि ट्रोलिंग मोटर 200, माशांच्या टाकीतलं पाणी 120, तीन माणसं 525, सामान 120. एकूण 2,385. दर हॉर्सपॉवरमागे 26-27 पौंड. जे इंजिन मोठ्या बोटीखाली कण्हत होतं ते इथे ऐटीत चालतं. पैसे वाचले ते वाचलेच, शिवाय आणखी एक अडचण सुटते, जिच्याबद्दल सल्लागार अवाक्षर काढत नाहीत. बोट ओढणार कशाने? 18 फुटी बोट, इंजिन, ट्रेलर, पेट्रोल आणि बॅटऱ्या मिळून 3,000 पौंडांच्या वर जातात. टोयोटा सिएनाची ओढण्याची मर्यादा 3,500, आणि त्यात कुटुंब व सामान आलं की तीही कमी वाटते. होंडा सीआर-व्हीची तर 1,500 च. 16 फुटीचं सगळं मिळून 2,000-2,200 पौंडांत बसतं. सीआर-व्हीला ते झेपणार नाही, पण सिएनाला रस्त्यावर धाप लागणार नाही. बोटीसाठी पिकअप ट्रक घेण्याची वेळ येत नाही, ही काही थोडीथोडकी काटकसर नाही.

लहान इंजिनच योग्य अशा जागाही आहेत. उत्तर मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्सच्या रानात 1978 च्या कायद्याने बहुतेक तळ्यांवर मोटरच बंद केली आहे, आणि मोजक्या तळ्यांवर 10 किंवा 25 हॉर्सपॉवरपर्यंतच परवानगी आहे. तिथे जाणाऱ्याने 18 फुटी बोटीचा विचारच करू नये. दर शनिवारी घरामागच्या दोनशे एकरांच्या तळ्यात मुलाला सनफिश धरायला नेणाऱ्याला चाळीसचं इंजिन पुष्कळ झालं, 14 फुटी बोटीवर. आणि मोठ्या इंजिनाने जास्त मासे मिळतात असं तर मी म्हणतच नाही. कोकणात इंजिनाच्या ताकदीचा वाद निघतो तो समुद्रातून मासे किती उपसले जातात त्यावरून. इथे किती वॉलआय घरी न्यायचे ते सरकार ठरवतं, इंजिन नाही.

बोट निवडताना सांगाडा रिवेटचा की वेल्डिंगचा, हाही वाद लोक हिरिरीने घालतात. चांगल्या कारखान्याच्या दोन्ही बोटी टिकतात. पत्र्याची जाडी पाहा आणि पुढे चला.

बोट ठरवण्याआधी डीलरकडे पाण्यावरची चाचणी मागा, आणि ती मोकळ्या बोटीत करू नका. टाकी भरलेली, माशांच्या टाकीत पाणी, आणि ज्यांना घेऊन जाणार आहात तीच माणसं जागच्या जागी बसलेली. थ्रॉटल पुरता उघडून फेऱ्यांचा आकडा वाचा. मर्क्युरीच्या 115 ला कंपनीने 5,000 ते 6,000 फेऱ्या सांगितल्या आहेत. भरलेली बोट 5,500 च्या वर गेली तर ठीक. 4,900 वर अडकली तर पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पुढे सरकतो ते अंतर, कमी करून घ्या. एक इंच पिच कमी केली की फेऱ्या दीडशे-दोनशेने वाढतात. पंखा बदलूनही आकडा वर येत नसेल, किंवा प्लेनवर येताना कोणाला पुढे सरकायला सांगावं लागत असेल, तर ती बोट त्या इंजिनासह घेऊ नका. डीलर म्हणेल, भरलेल्या बोटीची चाचणी आम्ही देत नाही. मग दुसऱ्याकडे जा, मिनेसोटात बोट विकणाऱ्यांचा तुटवडा नाही.